वांगणीत अपुऱ्या दिवसांचं बाळ सांभाळताना

ताप आला म्हणजे मूल आजारी, हा आपला घरोघरचा हिशेब. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तो लावू नका. अशा बाळाच्या रक्तात जंतू शिरले तरी पुष्कळदा ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं. रडण्याचा जोर कमी होतो. काल चमच्याने नीट दूध घेणारं बाळ आज ते ओठांच्या कडेने सांडू लागतं. घरातलं कुणीतरी कौतुकाने म्हणतं, "आज कसं शहाण्यासारखं झोपलंय!" आणि उपचाराचे नेमके तास त्या झोपेत निघून जातात.

वांगणीतल्या घरांना हे तास आणखी महाग पडतात. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. पण बाळाला ऑक्सिजन, वॉर्मर, सलाईन आणि रात्रंदिवस लक्ष ठेवणाऱ्या सिस्टर लागल्या, तर बदलापूर-उल्हासनगरपासून कळवा-मुंबईपर्यंत कुठेतरी जावंच लागतं. इथून कल्याण रेल्वेने सुमारे २५ किलोमीटर, सीएसएमटी सुमारे ७८. मधला वेळ लोकलचा, रिक्षाचा, बदलापूर-कर्जत रस्त्यावरच्या गर्दीचा. मुंबईतल्या आईने जो निर्णय संध्याकाळी घेतला तरी निभावतं, तो इथल्या आईने दुपारीच घ्यायला हवा. पुढे जे लिहिलं आहे ते त्या दुपारच्या निर्णयासाठी.

३७ आठवडे भरायच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं समजतात. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली. दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी नाहीत. त्यांतली बहुसंख्य ३४ ते ३६ आठवड्यांची असतात. दोन-सव्वादोन किलोची, रडणारी, हातपाय हलवणारी. त्यांना पुष्कळदा काचेच्या पेटीत ठेवावं लागत नाही, दोन-तीन दिवसांत घरी सोडतात आणि 'जरा बारीक आहे एवढंच' म्हणून घरचे निर्धास्त होतात. मला जास्त काळजी या बाळांची वाटते. बाराशे ग्रॅमच्या बाळाभोवती डॉक्टर असतात. दोन किलोच्या बाळाभोवती आपणच.

शिदोरी बांधायच्या आधीच निघालेलं लेकरू

आईला आजवर झालेल्या आजारांतून आणि घेतलेल्या लसींतून तिच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार झालेली असतात. ती वारेतून बाळाकडे जातात. ही देवघेव चौथ्या महिन्याच्या सुमारास बारीक धारेने सुरू होते, पण खरा भर शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ही प्रतिद्रव्यं आईपेक्षाही थोडी जास्त भरतात. २८-३० आठवड्यांच्या बाळाकडे ती आईच्या निम्म्यावर, कधी त्याहूनही कमी असतात. शिदोरी बांधून व्हायच्या आत त्याला घर सोडावं लागलेलं असतं.

कातडीचंही तसंच. तिचा वरचा, जंतूंना अडवणारा थर ३२-३४ आठवड्यांपर्यंत फार पातळ असतो. चिकटपट्टी जोरात ओढली तरी सोलवटतो, आणि तेवढी वाट जंतूंना पुरते. जन्मतः अंगावर जो पांढरा, लोण्यासारखा लेप असतो, त्याचंही काम कातडी राखण्याचंच. म्हणून तो पुसून, धुऊन काढायची घाई करू नये.

रक्तातल्या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी या बाळांकडे असतात, पण हाडांच्या मगजात त्यांचा राखीव साठा थोडा. मोठ्या माणसाला संसर्ग झाला की पेशी वाढतात. या बाळांचा साठा लवकर संपतो आणि पेशी उलट घटतातही. रिपोर्टवर 'पेशी कमी' असं दिसलं म्हणून 'चला, इन्फेक्शन नाही' असा अर्थ घरच्या घरी लावू नका. सीआरपी नावाची तपासणीसुद्धा पहिल्या बारा तासांत साधी येऊ शकते, म्हणून डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतात. ते पैसे उकळणं नव्हे.

आणखी एक गोष्ट समजून घ्या. गर्भातल्या बाळाची प्रतिकारयंत्रणा मुद्दाम सौम्य ठेवलेली असते. आईच्या शरीरात राहून आईच्याच पेशींवर ती तुटून पडली तर गर्भ टिकणार नाही. जन्मानंतर आतड्यात येणाऱ्या उपयोगी जंतूंनाही तिला सामावून घ्यायचं असतं. म्हणजे ही यंत्रणा बिघडलेली नाही, तिची वेळ अजून आलेली नाही. बाजारात मिळणारे 'इम्युनिटी' वाढवणारे थेंब ही वेळ अलीकडे आणू शकत नाहीत. त्यांच्यावरचा पैसा वाचवा.

'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही' ही समजूत आपल्याकडे अजून ऐकू येते. ती साफ चुकीची आहे. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या बाजूचाच असतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा अधिक सक्षम असतं, आणि ही समजूत धरून त्याच्या उपचाराला कुणी उशीर केला तर तो अन्याय आहे.

कळा लवकर सुरू झाल्या तर

संसर्गाची सुरुवात कधी कधी जन्माआधीच झालेली असते. पाणमोट फुटून पाणी जायला लागलं आणि बाळंतपण अठरा तासांहून जास्त लांबलं, आईला ताप असला, पाण्याला घाण वास आला, तर जंतू खालून वर चढून बाळापर्यंत पोचतात. म्हणून नववा महिना लागायच्या आत पाणी गेलं, सारखी कंबर धरू लागली, पोट ठरावीक वेळाने कडक होऊ लागलं किंवा रक्त दिसलं, तर 'अजून वेळ आहे' म्हणत घरी थांबू नका. लघवीला जळजळ होत असेल तर लगेच तपासून घ्या. साधी वाटणारी ही तक्रार वेळेआधीच्या कळांना निमंत्रण देते.

कुठे जायचं, याचा विचार मात्र दोनदा करा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला नेण्याची सर्वांत सुरक्षित जागा आईचं पोट हीच आहे. बाळ जन्मल्यावर अँब्युलन्समधून हलवण्यापेक्षा, कळा देणारी आई वेळेत अशा दवाखान्यात पोचलेली बरी जिथे नवजात बाळांचा विशेष कक्ष आहे. सरकारीत त्याला एसएनसीयू म्हणतात, खासगीत एनआयसीयू. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, मुंबईत सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आणि आजारी बाळांसाठी परळचं वाडिया ही या मार्गावरची मोठी नावं. कुठे काय सोय आहे, बेड मिळतो का, हे सातव्या महिन्यातच आशाताईला आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून एका कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद आईच्या फाइलला लावा. रात्री दोन वाजता फोन फिरवत बसायची वेळ येऊ देऊ नका.

३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण होणार असं दिसलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, आणि श्वासाच्या यंत्रावर कमी दिवस काढावे लागले की संसर्गाच्या वाटाही कमी होतात. 'स्टेरॉइड' म्हटल्यावर घाबरून नकार देणारे नातेवाईक असतात. इथे नकार देऊ नका.

बाळ काचेत असताना आईचं काम

'बाळाला काचेत ठेवलंय' म्हटलं की आई-बाप बाहेरच्या बाकड्यावर हताश बसतात. तसं बसायचं कारण नाही. आतली तीन कामं कुठलंही यंत्र करू शकत नाही.

पहिलं दुधाचं. चीक म्हणजे पहिले दोन-तीन दिवस येणारं घट्ट, पिवळसर दूध. राहून गेलेल्या शिदोरीचा मोठा भाग त्यात असतो. ते बाळाच्या आतड्याला आतून लेप दिल्यासारखं राखतं, जंतूंना चिकटू देत नाही. बाळ ओढू शकत नसलं तरी पहिल्या तासा-दोन तासांपासून हाताने दूध काढायला लागा. सुरुवातीला पाच-सहा थेंबच निघतील. तेवढे थेंबही सिस्टरना द्या. गालाच्या आत लावता येतात, नळीतून पोटात देता येतात. मग दिवस-रात्र मिळून आठ वेळा तरी, रात्री एकदा उठून, दूध काढत राहा. स्टीलची झाकणाची वाटी रोज उकळून घ्या. दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये तर त्याआधीच फ्रिजमध्ये जाऊ द्या. आईला दूध कमी असेल तर वरच्या दुधाआधी मिल्क बँकेची चौकशी करा. सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली, ती नेमकी अशा बाळांसाठी. गाईच्या दुधाने किंवा पावडरीने इतक्या लहान आतड्याला सूज येण्याचा, ते सडण्याचा धोका आईच्या दुधापेक्षा बराच जास्त असतो.

दुसरं काम हात धुण्याचं. वाचायला किरकोळ वाटेल, पण कक्षातल्या संसर्गाची मुख्य गाडी म्हणजे माणसाचा हात. कोपरापर्यंत बाह्या वर करा, अंगठी, घड्याळ, हातातला दोरा काढा. साबणाचा फेस तळव्यावर, मग हातांच्या पाठीवर, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती, नखांच्या टोकांशी आणि मनगटावर असा मिनीटभर फिरवा. पदराला किंवा ओढणीला हात पुसलात तर सगळं पाण्यात गेलं. हवेतच वाळू द्या. हिरव्या बांगड्या काढायला बाळंतिणीचं मन धजत नाही, सासूबाईही नको म्हणतात. बाळासाठी आहे म्हटल्यावर सासूबाईच समजून घेतात, हे सांगून बघा. निदान बाळ कक्षातून बाहेर येईपर्यंत त्या काढून ठेवा. हात धुऊन झाल्यावर मोबाइलला शिवलात तर पुन्हा धुवा. डॉक्टर किंवा सिस्टर घाईत हात न धुता बाळाकडे वळल्या, तर "हात धुतलेत का हो?" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. चांगले लोक रागावत नाहीत.

तिसरं काम छातीशी धरण्याचं. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं ठेवून आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये, मान किंचित वर आणि तोंड एका बाजूला करून उभं ठेवायचं, वरून ओढणीने किंवा दुपट्याने घट्ट बांधायचं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून डॉ. एडगर रे यांनी ही रीत सुरू केली. आज ती गरिबाची तडजोड राहिलेली नाही. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, एक किलो ते १८०० ग्रॅमच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असं धरलं तर पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात, रक्तातला जंतुसंसर्गही घटतो. यामागचं एक कारण असं मानतात की बाळाच्या अंगावर दवाखान्यातल्या जंतूंआधी आईच्या अंगावरचे निरुपद्रवी जंतू वस्ती करतात. दिवसाला आठ तासांपासून जितकं जमेल तितकं धरा. आई थकली तर बाबांनी धरावं, आजीनेही धरावं. खोकला-सर्दी, कातडीवर पू किंवा फोड असलेल्याने मात्र नाही.

डॉक्टरांना रोज विचारण्यासारखे दोन प्रश्न: "बाळाला आज दूध किती वाढवताय?" आणि "सलाईनची ही नळी आज काढता येईल का?" दूध वाढलं की नळी लवकर निघते, आणि नळी निघाली की जंतूंची एक वाट बुजते.

अँटिबायोटिकचं काय

संशय आला की डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करतात. ते बरोबरच आहे. पण त्याआधी बाळाचं रक्त कल्चरला पाठवलं का, हे विचारा. साधारण एक मिलिलीटर रक्त लागतं, ४८ तासांत बहुतेक चित्र स्पष्ट होतं. कोणता जंतू आहे आणि त्याच्यावर कोणतं औषध चालतं हे तिथेच कळतं. कल्चरमध्ये काही निघालं नाही आणि बाळ सुधारलं, तर डॉक्टर औषध थांबवतील. 'पाच दिवसांचं तरी द्या' असा आग्रह धरू नका.

हे एवढ्यासाठी लिहितो की २०११ ते २०१४ या काळात दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत १३ हजारांहून अधिक दाखल नवजात बाळांचा अभ्यास झाला, त्यात मोठ्या प्रमाणावर आढळलेले जंतू होते अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय. अ‍ॅसिनेटोबॅक्टरचे ८२ टक्के आणि क्लेबसिएलाचे ५४ टक्के नमुने एकाहून अधिक प्रकारच्या औषधांना दाद देईनासे झालेले होते. जे औषध विनाकारण वापरलं जातं ते गरजेच्या दिवशी फितूर होतं. मेडिकलवाल्याकडून नवजात बाळासाठी औषध कधीच आणू नका, शेजारच्या बाळाचं उरलेलं तर नाहीच.

घरी आल्यावर

आपल्या जुन्या रीतींतली एक रीत इथे फार कामाची आहे: सव्वा महिना. बाळ-बाळंतीण वेगळ्या खोलीत, येणं-जाणं कमी. ती पाळा, आणि बाळाचं वजन अडीच किलोच्या पुढे जाईपर्यंत लांबवा. बारसं बाराव्या दिवशीच झालं पाहिजे असं नाही. दोन-तीन महिन्यांनी करा, तोवर आत्याला फोनवर कानात नाव सांगू द्या. भेटायला आलेल्यांना बाळ दुरून दाखवा. "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं वाक्य पुरतं. सुनेला बोलायला अवघड जातं म्हणून ते सासऱ्यांनी किंवा नवऱ्याने बोलावं. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी त्याची टीबीची तपासणी.

त्याच रीतींतली धुरी मात्र बंद. ओवा, शेपा, वावडिंगाचा धूर त्या नाजूक फुप्फुसांना सोसत नाही. बंद खोलीत शेगडी तर नकोच. बाळगुटी, मध, जन्मघुटी, वाळ्याचं पाणी, डोळ्यांत काजळ, नाकात-कानात तेल, नाळेवर हळद किंवा राख, यांतलं काहीही नको. नाळ कोरडी आणि उघडी राहू द्या, लंगोट तिच्या खाली बांधा. रोजची अंघोळ अडीच किलो होईपर्यंत नको. कोमट ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरे. खोबरेल तेलाचा हलका हात डॉक्टरांनी होकार दिल्यावर लावता येतो, पण रगडणं नाही. त्या कातडीचं वर सांगितलंच.

पावसाळ्यात आपल्याकडे चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. बाळाचे लंगोट, झबली दमट राहिली की कातडीवर बुरशी आणि पुरळ धरतात. इस्त्री फिरवून मगच घाला. विहिरीचं, टँकरचं किंवा नळाचं, पाणी कुठलंही असो; वाटी-चमचा वीस मिनिटं उकळलेलाच हवा. दुधाची बाटली घरात आणू नका, तिच्या बुचाच्या खाचांतली घाण कधीच नीट निघत नाही.

काय पाहायचं

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने एक गोष्ट जगाला दाखवून दिली. गावातल्या जेमतेम शिकलेल्या आरोग्यदूत स्त्रियांना त्यांनी घरी जाऊन नवजात बाळ तपासायला आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांतला नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि २०११ पासून देशभर आशाताई ज्या घरभेटी देतात त्यांचं मूळ तिथे आहे. त्यांच्या पद्धतीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते असं की ती 'बदल' विचारते. बाळ हळू रडतं का, यापेक्षा आधी जोरात रडणारं बाळ आता हळू रडतंय का? आधी नीट पिणारं आता कमी पितंय का? हे मोठ्या डॉक्टरपेक्षा आईला आधी कळतं. दोन बदल एकाच वेळी दिसले की थांबायचं नाही.

पाय आणि पोट दोन्हींना हाताच्या पाठीने स्पर्श करा. पाय गार आणि पोट गरम, तर बाळाला थंडी वाजतेय, छातीशी बांधा. पोटही गार, तर धोका. काखेत थर्मामीटर लावल्यावर ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट हे ठीक. कमी असेल तर तासभर छातीशी धरून पुन्हा मोजा. वर आलं नाही, किंवा ९५.९च्या खाली असेल, तर निघा. ९९.५च्या वर असेल तर जास्तीचे कपडे काढून थोड्या वेळाने पुन्हा बघा. तरी उतरलं नाही तर निघा.

श्वास मोजायला बाळ शांत हवं, नुकतं रडलेलं किंवा प्यायलेलं नको. झबलं वर करा, बेंबीवर नजर ठेवा, पोट एकदा वर आलं की एक. घड्याळ लावून पूर्ण एक मिनीट मोजा. अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करू नका, कारण अपुऱ्या दिवसांची बाळं पाच-दहा सेकंद श्वास रोखून पुन्हा भरभर घेतात आणि हिशेब चुकतो. साठ किंवा जास्त आले तर थोडं थांबून पुन्हा मोजा. पुन्हाही तेवढेच आले तर तो दम आहे. बरगड्यांखाली खळगा पडणं, आपल्याकडे 'पोट उडतंय' म्हणतात ते, कण्हणं, वीस सेकंद श्वास थांबणं, ओठ निळे पडणं, झटके, उठवूनही न उठणं, हिरवी उलटी, पोट फुगून तट्ट होणं, शीतून रक्त पडणं, नाळेभोवती लाली चढणं किंवा पू येणं, तळहात-तळपाय पिवळे होणं: यांतलं एकही दिसलं तर दुसऱ्याची वाट पाहू नका.

वांगणीत दृष्टिहीन कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. लोकलमध्ये वस्तू विकून घर चालवणारे कितीतरी आई-बाप इथलेच. त्यांना 'नजर ठेवा' सांगून भागत नाही, आणि तशी गरजही नाही. वरची बरीचशी लक्षणं हाताने आणि कानाने कळतात. तळवा बाळाच्या पोटावर हलका ठेवून फोनवर एक मिनिटाचा गजर लावा आणि वर येणं मोजा. बरगडीच्या खाली बोट ठेवलं की खळगा लागतो. दंड उचलून सोडला तर तो सैल पडतो की ओढून धरतो, हे समजतं. चोखण्याचा जोर स्तनाला, गिळण्याचा आवाज कानाला. कण्हणं तर ऐकूच येतं. बोलून आकडा सांगणारे थर्मामीटर मिळतात. रंग, पिवळेपण, नाळेची लाली एवढ्यासाठी दिवसातून दोनदा भरवशाच्या शेजारणीला उजेडात बघायला सांगा, आशाताईंना आठवड्यातून एक भेट जास्त मागा. डोळस घरांनीही हाताने तपासायची सवय लावावी; रात्री दिवे गेले की हातच उरतो.

निघायचं ठरलं की

१०८ला फोन करा. बाळंतिणीला आणि आजारी तान्ह्याला नेण्यासाठी १०२ही आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी तान्ह्याचे उपचार, औषधं, तपासण्या आणि प्रवास सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पैशासाठी एक दिवसही थांबू नका. गाडी यायला वेळ असेल तर वांगणीच्या आरोग्य केंद्रात जाऊन अँटिबायोटिकचा पहिला डोस देता येईल का ते विचारा. मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी असा डोस देण्याची पद्धत आहे, आणि त्यामुळे पुढच्या दीड-दोन तासांच्या प्रवासात उपचार थांबून राहत नाही. चिठ्ठी घ्या, त्यावर डोसाची वेळ लिहून घ्या.

वाटेत बाळ आईच्या किंवा बाबांच्या छातीला बांधलेलं असू द्या, डोक्यावर टोपडं, तोंड-नाक उघडं. गिळत असेल तर निघण्याआधी काढलेलं दूध चमच्याने द्या, साखर घसरू नये म्हणून. दम लागला असेल, गिळत नसेल तर तोंडात काही घालू नका. डिस्चार्जचा कागद, वजनाची नोंद, आईची फाइल आणि काढलेल्या दुधासाठी एक उकळलेली वाटी, एवढं पिशवीत कायम भरलेलं असावं.

जून ते सप्टेंबर हा सगळा बेत वेगळा करावा लागतो. जुलै २०१९मध्ये एका रात्री उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्येच अडकली. हजारावर प्रवासी होते, त्यांत नऊ गर्भवती. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. अशा दिवशी वांगणीतून निघायला रेल्वेही नसते आणि रस्ताही नसतो. म्हणून मोठ्या पावसाचा इशारा असेल आणि बाळाचं पिणं जरा जरी कमी वाटत असेल, तर पाणी चढायच्या आत बदलापूरच्या पलीकडे जा. दिवस भरत आलेली किंवा अपुऱ्या दिवसांत कळांचा धोका सांगितलेली बाई जुलै-ऑगस्टमध्ये कल्याण-ठाण्याकडच्या नातेवाइकांकडे राहिली तर उत्तम. आदिवासी वाड्यांत रुग्णवाहिका दारापर्यंत येत नाही. डांबरी रस्त्यापर्यंत कोण नेणार, कुणाची मोटरसायकल, कुणाची जीप, हे आधी ठरवून त्यांचे नंबर भिंतीवर लिहा.

लसी आणि पुढच्या भेटी

लसीचा हिशेब जन्मतारखेपासून करतात, दिवस भरले असते त्या तारखेपासून नव्हे. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याच्या लसी 'अजून लहान आहे' म्हणून पुढे ढकलू नका. आईकडून प्रतिद्रव्यं कमी मिळालेल्या बाळाला त्यांची गरज जास्त आहे. जन्माच्या वेळच्या बीसीजीला डॉक्टर वजन वाढेपर्यंत थांबायला सांगतील, तेवढं ऐका, पण तारीख लिहून घ्या. घरातल्या मोठ्यांनी, विशेषतः आईने, फ्लूची लस घ्यावी का हेही विचारा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. आली नाही तर आरोग्य केंद्रात कळवा. दोन किलोच्या आतलं किंवा चौतीस आठवड्यांच्या आतलं बाळ असेल, किंवा ऑक्सिजनवर राहिलेलं असेल, तर महिन्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. ती वांगणीत होत नाही, तारीख आणि ठिकाण डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या.